मरोळच्या रॅम्पवरच्या चंपा सिस्टर

चैतन्य देवस्थळी हा मुलुंडचा मुलगा चंपा तायडे यांच्या आयुष्यात शिरला तो गाडीसकट. मरोळच्या सुप्रभा आर्केडमध्ये पाचव्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्या मुख्य नर्स होत्या. लिफ्टमध्ये त्याने त्यांना पाहिलं होतं. निळ्या गणवेशातली, ठेंगणी, रुंद बांध्याची, कायम कुणाला तरी दटावत असलेली बाई. 'पाणी मोजून प्यायचं सांगितलं होतं ना? मग पाय का सुजले?' एवढंच त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलेलं. नाव माहीत नव्हतं.

सुप्रभा आर्केडला समोरून चांगल्या ऐटबाज पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या बाजूने एक उतरती वाट असायची, चाकाच्या खुर्चीसाठी केलेली. पण तिथे एका कॉफीच्या दुकानाने टेबलं मांडली, कुंड्या ठेवल्या, आणि ती वाट संपली. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांनी जायचं कुठून? तर गाड्यांच्या रॅम्पवरून खाली पार्किंगमध्ये, आणि तिथल्या लिफ्टने वर. मूळ नकाशात त्या रॅम्पच्या कडेलाही पायी चालणाऱ्यांसाठी एक पट्टा होता. पिवळी रेघ अजून दिसायची. मात्र रेघेच्या आत स्कूटर आणि मोटारसायकली दाटीवाटीने लावलेल्या असायच्या. रॅम्पला मधोमध एक वळण होतं. वळणावरचा गोल आरसा फुटून कित्येक महिने झालेले, आणि आतला दिवा कधी लागे, कधी न लागे. हे सगळं चैतन्यने रोज पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. गाडीत बसलेल्या माणसाला रॅम्प म्हणजे फक्त उतार.

एप्रिलमधली दुपार होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. चैतन्य अंधेरीची एक मीटिंग आटोपून परत येत होता, दुसरीला उशीर झाला होता. गेटवरच्या वॉचमनला हात करून त्याने गाडी तशीच रॅम्पवर घातली. उन्हातून एकदम अंधारात. वळणावर दोन क्षण त्याला काहीच दिसलं नाही, आणि दिसलं तेव्हा समोर चाकाची खुर्ची होती.

खुर्चीत भाऊराव होते, सत्तरीचे, वडाच्या पारंबीसारखे वाळलेले. डायलिसिस संपवून घरी निघालेले. त्यांना रिक्षापर्यंत सोडणारा वॉर्डबॉय त्या दिवशी आला नव्हता, म्हणून चंपा सिस्टर स्वतः खुर्ची ढकलत वर नेत होत्या. त्यांनी गाडी पाहिली. पुढे काय घडलं ते चैतन्यच्या डोळ्यांसमोरून त्यानंतर कधी हललं नाही. त्या मागे सरकल्या नाहीत, बाजूला उडी मारली नाही. स्कूटरच्या रांगेत एका स्कूटरची जागा रिकामी होती. त्यांनी सगळं अंग लावून खुर्ची तिच्यात लोटली. भाऊराव आत गेले, आणि त्या बाहेर राहिल्या.

ब्रेक लागले तेव्हा त्यांचा डावा पाय गाडीच्या बंपर आणि वळणावरच्या भिंतीच्या मधे होता.

चैतन्य गाडीतून उतरला. तो "सॉरी, सॉरी" असं काहीतरी म्हणत होता आणि रडत होता. मग त्याला आवाज ऐकू आला. मोठा नव्हता, घाबरलेला नव्हता. लिफ्टमध्ये पाणी मोजून प्यायला सांगणारा तोच आवाज.

"ए, इकडे बघ. माझ्याकडे बघ. नाव काय तुझं?"

"चैतन्य."

"चैतन्य, गाडी हलवायची नाही. आधी आत जा, हँडब्रेक ओढ आणि इंजिन बंद कर. जा."

तो गेला. हात चालत होते, कारण कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं.

"वॉचमनला वर उभा कर. दुसरी गाडी खाली येता कामा नये. आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांग. डिकीत चाकाचा पाना असेल, तो घेऊन ये."

तो धावत जाऊन पाना घेऊन आला. त्यांच्या पायाखाली फरशीवर जे पसरत होतं त्याकडे त्याचं लक्ष गेलं.

"तिकडे नाही बघायचं. ते माझं काम. भाऊराव, तुमचा पंचा द्या त्याला. हाताला लागलं नाही ना? फिस्टुला बघा."

फिस्टुला म्हणजे भाऊरावांच्या हातावरची डायलिसिसच्या सुया टोचायची जागा, ती दुखावली तर पुढचं सगळंच अवघड. ते थरथरत म्हणाले, "मला काही झालं नाही गं बाई. तू स्वतःचं बघ."

"तेच बघतेय."

त्यांनी चैतन्यला पंचा मांडीला गुंडाळायला लावला, गाठ मारायला लावली, गाठीत पाना अडकवायला लावला. "आता पिळ. नळ बंद करतो तसा. अजून. मी ओरडले तरी थांबू नकोस." त्या ओरडल्या. तो थांबला. "थांबू नकोस सांगितलं ना रे," त्या दातओठ खात म्हणाल्या, आणि तो पुन्हा पिळू लागला. रक्ताची धार मंदावली तेव्हा त्यांनी त्याच्याकडून खिशातलं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्याच हातावर वेळ लिहिली. बांधलं कधी हे डॉक्टरांना कळायला हवं म्हणून. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं.

मगच त्यांनी त्याला गाडी मागे घ्यायला सांगितली. अगदी हळू. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. ज्या माणसाने त्यांना चिरडलं त्याचीच मांडी. मधेच त्यांनी डोळे उघडून विचारलं, "मुलुंडचा का तू? बोलण्यावरून वाटतंय." तो हो म्हणाला. "बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चैतन्यने पोलिसांना जे होतं ते सांगितलं. वेग जास्त होता, दिवे लावले नव्हते, वळणावर हॉर्न दिला नाही. त्याच्या वडिलांनी ओळखीच्या एका वकिलाला फोन लावला होता. तो म्हणाला, एवढं सगळं सांगायची गरज नव्हती. पण ज्या बाईने त्या अवस्थेत आपल्या हातावर वेळ लिहिली तिच्याबद्दल खोटं बोलायला त्याची जीभच वळेना. पोलिसांचा खटला वेगळा चालला. तिथे त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा दंडावर निभावली.

हॉस्पिटलात जायला मात्र त्याला आठवडा लागला. रोज निघायचा, अर्ध्या वाटेवरून परतायचा. शेवटी गेला तेव्हा वॉर्डाच्या दारात चंपा सिस्टरांचे यजमान धम्मपाल बसले होते. बेस्टच्या बस दुरुस्तीच्या कारखान्यात काम करणारे, उंच, शांत गृहस्थ. चैतन्यने आपलं नाव सांगितलं. धम्मपाल उठले. त्यांच्या जबड्याची हालचाल चैतन्यला दिसत होती.

"मला तुझ्याशी बोलायचं नाहीये," ते म्हणाले. "पण ती रोज विचारते, तो मुलगा आला का. जा आत. रडायचं नाही तिच्यासमोर."

आत चंपा सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सलाईनची नळी कशी धरायची ते सांगत होत्या. चादर डाव्या बाजूला अर्ध्यातच सपाट झाली होती. चैतन्यचे डोळे तिथे गेले आणि तिथेच अडकले.

"बघून घे नीट," त्या म्हणाल्या. "एकदा बघितलंस की मग बोलता येईल."

त्याने पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मी काय बोलू तेच कळत नाही."

"मग मी बोलते. गुडघा वाचलाय. गुडघा असला की पुढचं सोपं असतं, खोटा पाय नीट चालतो. तू चांगलं पिळलंस. ढिलं ठेवलं असतंस तर मीच नसते आज." त्या थोडं थांबल्या. "आणि तू चुकलास. ते पण तितकंच खरं. दोन्ही लक्षात ठेव."

घरी जाताना त्याने हा संवाद मनात पुन्हा पुन्हा घोळवला. एकाच दमात कुणी माणसाला दोषही द्यावा आणि उभंही करावं, हे त्याने याआधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरात चुका एक तर झाकल्या जात किंवा वर्षानुवर्षं उगाळल्या जात.

तो जात राहिला. हॉस्पिटलात, मग मानखुर्दला त्यांच्या घरी. गाडी त्याने चालवली नाही, बसने जायचा. रविवारी दुपारी धम्मपाल दार उघडत, न बोलता आत वळत. कितीतरी रविवार असे गेले. मग एकदा त्यांनी न विचारता चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, आणि त्या दिवसापासून चहा मिळू लागला. बोलणं त्यानंतरही बऱ्याच उशिरा आलं.

त्या रविवारांतून चैतन्यला चंपा सिस्टर तुकड्यातुकड्याने कळल्या. त्या मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. वडील माहुलच्या बाजूला तेलाच्या टाक्या रंगवायच्या कामावर आले आणि पाठोपाठ बिऱ्हाड मानखुर्दला आलं. लहानपणी हात मोडला म्हणून वडिलांनी त्यांना म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे वॉर्डाच्या मधोमध उभी राहून एक सिस्टर एका आवाजात चाळीसएक माणसांना सांभाळत होती. डॉक्टरसुद्धा तिला विचारून पुढे जात होते. "मला वाटलं, हीच इथली राणी," चंपाताई सांगत. "मी वडिलांना म्हटलं, मला पण हे व्हायचंय. त्यांना वाटलं पोर हाताच्या दुखण्याने बरळतेय."

नर्सिंगचं शिक्षण घेऊन त्या अपघात विभागात लागल्या आणि तिथेच निम्मं आयुष्य गेलं. पुरात वाहून आलेले, भिंतीखाली सापडलेले, स्फोटात भाजलेले. या शहरावर जे जे कोसळलं ते त्यांच्या दारातून स्ट्रेचरवर आत आलं. मोठ्या हॉस्पिटलच्या नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन त्या मरोळच्या डायलिसिस सेंटरमध्ये आल्या, कारण तिथे तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येतात. "कॅज्युअल्टीत माणूस वाचला की निघून जातो," त्या म्हणत. "पुढे काय झालं कळतच नाही. इथे कळतं. इथे मला सगळ्यांच्या नातवंडांची नावं पाठ आहेत."

एकदा त्याने धीर करून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही एवढ्या शांत कशा होतात?"

"शांत? वेडा आहेस का? माझी फाटली होती." त्यांनी बेधडक मुंबईकर शब्द वापरला आणि धम्मपालांनी आतून खाकरून निषेध नोंदवला. "पण तू रडत होतास, भाऊराव थरथरत होते. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं ना. मग मी बोलत राहिले. बोलताना जरा कमी दुखतं."

कृत्रिम पाय बसवला त्या दिवशी चैतन्यही बरोबर गेला होता. दोन समांतर दांड्यांच्या मधे त्या उभ्या राहिल्या. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठावर. पहिलं पाऊल टाकलं आणि कोसळल्या, दांडीला लोंबकळल्या. शिकवणारा तरुण धावला. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं आणि त्याच लयीत पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा पडल्या. चैतन्य भिंतीला टेकून पाहत होता. त्याला वाटलं, आपण एखादं झाड जमिनीतून वर येताना पाहतोय. जे एरवी कुणाला दिसत नाही ते आपल्याला दाखवलं जातंय. दांडीच्या टोकाला पोचल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे रे. बघतोस काय?"

भरपाईचा दावा घालायला त्या सुरुवातीला तयारच नव्हत्या. वकील इरावती साळवी घरी आल्या, त्यांनी समजावलं. गाडीचा विमा असतो तो यासाठीच असतो, त्यात कुणावर सूड नाही. चंपाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"यात बिल्डिंगवाले येतात का?"

"येऊ शकतात," इरावती म्हणाल्या. "दोघांच्या हयगयीने अपघात झाला असं दाखवता आलं तर. पण अवघड आहे. ते आणि विमा कंपनी दोघं मिळून लढतील."

"मग घाला. एकट्या या पोरावर घालायचं असेल तर मला नको. याने ब्रेक उशिरा मारला. पण माझ्या पेशंटना त्या रॅम्पवर कुणी उतरवलं? ती वाट कुणी कॉफीवाल्याला दिली? पट्ट्यावर स्कूटर कुणी लावल्या? उद्या हा सुधारेल, दुसरा कुणी येईल तसाच उन्हातून. माझे पेशंट तिथूनच जातायत ताई. आजपण गेलेत."

चैतन्य तिथेच बसला होता. त्याला वाटलं होतं की हा दावा आपल्या विरुद्ध आहे. म्हणजे तो होताच, कागदावर पहिलं नाव त्याचंच आलं. पण त्या ज्या गोष्टीसाठी लढायला निघाल्या होत्या ती त्याच्यापेक्षा आणि स्वतःच्या पायापेक्षाही मोठी होती, आणि हे त्यांना मोठं वाटतही नव्हतं.

मोटार अपघात न्यायाधिकरणात विमा कंपनीने वेगळाच मुद्दा काढला. सुप्रभा आर्केडचं पार्किंग ही सार्वजनिक जागाच नाही, ते म्हणाले. खासगी इमारतीचं खासगी तळघर. सार्वजनिक जागा नसेल तर विम्याची जबाबदारी नाही. बिल्डिंगच्या व्यवस्थापनाने त्याला जोड दिली. रॅम्पच्या तोंडाशी 'फक्त वाहनांसाठी' असा बोर्ड होता, तरी अर्जदार बाई तिथून चालल्या, तेव्हा चूक त्यांचीच.

साक्षीच्या दिवशी चंपाताई काठी न घेता पिंजऱ्यापर्यंत चालत गेल्या. बिल्डिंगच्या वकिलांनी विचारलं, "बोर्ड तुम्ही वाचला होता?"

"रोज वाचायचे."

"म्हणजे तिथून पायी जायला मनाई आहे हे माहीत असूनही तुम्ही गेलात."

"साहेब, पायऱ्या चढता येत नाहीत अशा माणसाला आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागतं. नाही आला तर तो मरतो. पुढची वाट तुम्ही बंद केलीत, मागच्या वाटेवर बोर्ड लावलात. मग त्याने काय उडत यायचं?"

न्यायाधीश बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

चैतन्यची साक्ष त्यानंतर. त्याचे वडील मागच्या बाकावर बसले होते. विमा कंपनीच्या वकिलांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ही आपल्या बाजूची साक्ष आहे. त्यांनी सोपा प्रश्न विचारला, "पास असल्याशिवाय त्या पार्किंगमध्ये गाडी जात नाही, बरोबर?"

"गाडी जात नाही," चैतन्य म्हणाला. "माणसं जातात. कुणीही जातं. मी रोज बघायचो."

"रोज बघायचात, तरी हॉर्न दिला नाहीत?"

"नाही दिला. चूक झाली माझी."

वडील नंतर बाहेर आले, त्याच्याजवळ उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याला काही शिकवायचं सुचलं नाही.

भाऊरावांची तब्येत तोवर ढासळली होती. ते न्यायालयात येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांची साक्ष घ्यायला न्यायाधिकरणाने नेमलेले एक कमिशनर डायलिसिस सेंटरमध्ये आले. भाऊराव मशीनवर होते. एका नळीतून रक्त बाहेर येत होतं, दुसरीतून आत जात होतं, आणि त्या मंद गुरगुरीत ते एकेक वाक्य सांगत होते. "तिने हँडल सोडलं असतं तर ती वाचली असती. जागा होती तिला. मी पाहिलं. तिने मला आत लोटलं." इतकं बोलून ते दमले. पावसाळा संपता संपता ते गेले. त्यांच्या मुलीने चंपाताईंना फोन करून सांगितलं की शेवटपर्यंत बाबा तुमचंच नाव घ्यायचे.

मग न्यायाधीश बाईंनी ठरवलं की जागा प्रत्यक्ष पाहायची.

पाहणीच्या सकाळी सगळे रॅम्पच्या तोंडाशी जमले. वकील, व्यवस्थापनाची दोन माणसं, इरावती, चैतन्य. व्यवस्थापनाने आदल्या आठवड्यात आरसा नवा लावला होता, दिवे बदलले होते, स्कूटर हलवल्या होत्या. पिवळी रेघ झगझगीत रंगवली होती. सगळं एकदम नीटनेटकं होतं. आता काय दिसणार होतं?

न्यायाधीश बाई वळणापर्यंत चालत गेल्या. तिथे उभ्या राहिल्या. मागे वळून उन्हाकडे पाहिलं, मग आतल्या अंधाराकडे.

तेवढ्यात वरून एक चाकाची खुर्ची आली. एक मुलगी आपल्या आईला घेऊन येत होती. आईच्या दंडावर पट्टी. "जरा जाऊ द्या हं," मुलगी म्हणाली. न्यायाधीश बाई भिंतीला सरकल्या. त्यांच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले, कठड्याला धरून, पाऊल मोजत. मग एक बाई, तिला दोन्ही बाजूंनी धरलेली. मग एक जाडजूड तरुण, सुजलेल्या पायांनी, कानात हेडफोन. मग आणखी एक खुर्ची. सकाळच्या पाळीची वेळ होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पाहणी आहे हे कुणाला माहीतही नव्हतं. त्यांचा आजचा वार होता, एवढंच. एकामागून एक ती माणसं उन्हातून अंधारात उतरत होती, प्रत्येकाच्या हातावर तीच पट्टी, प्रत्येकाच्या तोंडावर तीच कंटाळवाणी, चिवट, रोजची चिकाटी. जगायला निघालेली माणसं.

काळे कोट भिंतीला चिकटून उभे होते आणि ती रांग पुढून जात होती. या उतारावरून चैतन्य इतकी वर्षं गाणी ऐकत आला होता. हे सगळे तेव्हाही इथेच होते.

रांगेच्या शेवटी चंपाताई आल्या. पाहणीसाठी नव्हे, ड्युटीवर. सेंटरने त्यांना पुन्हा कामावर घेतल्याला महिना झाला होता. खोटा पाय फरशीवर टक टक वाजत होता. न्यायाधीश बाईंना पाहून त्या थबकल्या, हात जोडले.

"तुम्ही अजून इथूनच येता?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"आता तर मलाच पायऱ्या जड जातात मॅडम. दुसरीकडून कुठून येणार?"

निकाल आला त्यात सुप्रभा आर्केडचं पार्किंग सार्वजनिक जागा ठरलं. जिथे लोकांना जावंच लागतं आणि जिथे त्यांना कुणी अडवत नाही ती जागा बोर्ड लावल्याने खासगी होत नाही, असं न्यायाधीश बाईंनी लिहिलं. बहुतांश जबाबदारी चैतन्यच्या गाडीची, म्हणजे विमा कंपनीची. उरलेली बिल्डिंगच्या व्यवस्थापनाची, कारण चालायची वाट काढून घेणं हीसुद्धा हयगयच. आणि चंपाताईंची चूक शून्य. खुर्ची वाचवण्यासाठी जो माणूस थांबला त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही, हे वाक्य इरावतींनी त्यांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

व्यवस्थापनाने अपील करू असं म्हटलं, आणि कदाचित ते करतीलही. पण त्याआधीच कॉफीवाल्याची टेबलं हलली. पायऱ्यांच्या बाजूची उतरती वाट पुन्हा मोकळी झाली, तिला लोखंडी कठडा आला. खाली रॅम्पच्या कडेलाही सिमेंटचा उंच कट्टा बांधला गेला, स्कूटर वर चढू नये असा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चैतन्य दुसऱ्या मजल्यावर गेला. पेढे घेऊन गेला होता, पण सेंटरच्या दारातच घोटाळला. काचेतून आत दिसत होतं. रांगेने मशीनं लागली होती, सगळीकडे तीच मंद गुरगुर, आणि मधोमध चंपाताई उभ्या होत्या. एका हातात कुणाची तरी नळी, दुसऱ्या हाताने पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला खूण, आणि तोंडाने तिसऱ्याच कुणाशी तरी बोलणं. एक नवी नर्स त्यांच्या मागे मागे, सगळं डोळ्यांत साठवत. एक डॉक्टर आले, काहीतरी विचारलं, मान हलवून परत गेले.

चैतन्य काचेबाहेर उभा राहिला. आत जावंसं वाटत होतं आणि हलावंसंही वाटत नव्हतं. मग त्यांनीच त्याला पाहिलं.

"चप्पल काढून आत ये," त्या दारातून डोकं बाहेर काढून म्हणाल्या. "आणि पेढे पेशंटना नाही द्यायचे हं. शुगर आहे अर्ध्यांना. स्टाफला ठेव तिकडे."